तळे राखील तो

मला पोहता येते. हे वाक्य सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला बेरजेपलीकडे काही येत असेल यावर लोकांचा विश्वास नसतो. घरच्या लोकांचा तर मुळीच नसतो. आमच्या सौभाग्यवतींनी मला पाण्यात पाहिले आहे ते फक्त पावसाळ्यात, आणि तेही स्कूटरसकट.

मी मूळचा केदारखेड्याचा. जालन्याहून भोकरदनला निघालात, राजूरच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडलेत आणि पुढे गेलात, की पूर्णेच्या काठी आमचे गाव लागते. नदीकाठचे गाव म्हटल्यावर पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे घाट, होड्या आणि कमळे येतात. त्यांनी ती तिथेच ठेवावीत. मराठवाड्यातली नदी मुदत ठेवीसारखी असते. ती आहे हे कागदावर दिसते, पण गरजेच्या वेळी हाताला लागत नाही. म्हणून पोहायला मी शिकलो तो नदीत नव्हे, आजोळच्या विहिरीत. मामाने पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला, देवाचे नाव घेतले आणि मला वरून ढकलले. (मामा याला ‘शिकवले’ म्हणतो.) तीन दिवसांनी डबा सुटला, आठ दिवसांनी भीती सुटली आणि त्या सुट्टीच्या अखेरीस मी काठावरून सूर मारायला लागलो. आम्ही सात-आठ पोरे रोज दुपारी त्या विहिरीवर पडीक असायचो. एक जण तेवढा पाण्यात उतरत नसे. तो काठावर बसून आमचे कपडे राखायचा. त्याच्याकडे नंतर येऊ.

हे सगळे आठवायला कारण झाली आमची कॉलनी. ती ज्या तालुक्याच्या गावी आहे त्याचे नाव सांगत नाही. बदलीचे दिवस आहेत. कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. नकाशात तिला ‘उद्यान’ म्हणतात. प्रत्यक्षात तिथे दोन बाके, एक घसरगुंडी आणि अधूनमधून एक गाढव असते. अशा या उद्यानात सार्वजनिक पोहण्याचा तलाव बांधायचा बेत आहे, अशी बातमी एके सकाळी दूधवाल्याने आणली, आणि संध्याकाळपर्यंत कॉलनीचे दोन तुकडे झाले.

रविवारी सभा बोलावली. सभेचे इतिवृत्त लिहायला मी. बी. कॉम. झालेल्या आणि बँकेत असलेल्या माणसाला जगात दोनच कामे सांगतात: फॉर्म भरून दे, आणि इतिवृत्त लिही.

पहिला मुद्दा अर्थातच पाण्याचा निघाला, आणि तो खोटा नव्हता. 1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी आम्ही वडिलांकडून ऐकल्या. 2012-13 चा दुष्काळ मी स्वतः हंडा घेऊन रांगेत उभा राहून पाहिला आहे. जालना जिल्हा तेव्हा दुष्काळाच्या यादीत अगदी वरच्या ओळीत होता. मी तिथल्या तिथे हिशेब मांडला. तलाव पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल धरला, तर पाणी लागते सुमारे 4 लाख 69 हजार लिटर. म्हणजे दहा हजारी टँकर सत्तेचाळीस. आकडा ऐकून विरोधी पक्षाने माझ्याकडे प्रेमाने पाहिले. मग मी सांगितले, की हे पाणी रोज बदलत नाहीत, गाळून गाळून तेच वापरतात. तेव्हा दुसऱ्या पक्षाने प्रेमाने पाहिले आणि पहिल्याने नजर काढून घेतली. बँकेतल्या माणसावर कोणाचेच प्रेम फार वेळ टिकत नाही.

मग बाकीचे मुद्दे आले. लेकरं बुडतील. डास होतील. आवाज होईल. बायकांनी कुठल्या वेळेला पोहायचे, आणि त्या वेळेला गच्चीवर कोणी जायचे नाही. एका गृहस्थांनी क्लोरीनने केस पिकतात असे सांगितले; त्यांच्या डोक्यावर पिकायला काही शिल्लक नव्हते. या सगळ्या मुद्द्यांना काहीतरी उत्तर होते. पण शेवटी कोपऱ्यातल्या बंगल्यातले, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले आणि कॉलनीत सर्वांत शहाणे समजले जाणारे एक काका उठले आणि हळू आवाजात म्हणाले,

“हे सगळं ठीक आहे हो. पण तलाव सार्वजनिक आहे. उद्या कोणीही येईल.”

सभा शांत झाली. इतका वेळ जे कोणाच्या तोंडी येत नव्हते ते काकांनी बोलून टाकले होते. कॉलनीच्या मागे नाला आहे आणि नाल्यापलीकडे वस्ती आहे. तिथल्या बाया आमची भांडी घासतात आणि तिथले गडी आमच्या गच्च्या गळायच्या थांबवतात. ‘कोणीही’ म्हणजे कोण, हे विचारायची गरज कोणाला पडली नाही. मी मात्र सवयीप्रमाणे वहीत लिहून घेतले: ‘तलाव सार्वजनिक असल्याने कोणीही येईल, असा मुद्दा मांडण्यात आला.’

बँकेत कुठलेही प्रकरण आले की आम्ही आधी मागचा दाखला शोधतो. स्वतः निर्णय घेण्यापेक्षा दुसऱ्याने पूर्वी काय केले ते पाहणे नोकरीला सुरक्षित असते. तेव्हा पोहण्याच्या तलावाचा मागचा दाखला मी शोधायला घेतला. अगदी मागचा म्हणाल तर मोहेंजोदडोचे महास्नानगृह. बारा मीटर लांब, सात मीटर रुंद, विटांचे बांधकाम आणि आत पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर! साडेचार हजार वर्षांपूर्वीचे हे काम. तेव्हाही कोणीतरी काका उठून बोलले असतीलच, पण त्या लोकांची लिपी अजून कोणाला वाचता येत नसल्याने ते इतिवृत्त निसटले.

अलीकडे आलो तर मुंबईचा ब्रीच कँडीचा तलाव. समुद्राकाठी, झकास. त्यातल्या उघड्या तलावाचा आकार अखंड हिंदुस्थानच्या नकाशासारखा. आणि प्रवेश फक्त युरोपियनांना! देश स्वतंत्र झाल्यावरही काही वर्षे हाच नियम चालू होता. म्हणजे साहेबाने खरा हिंदुस्थान सोडला, पण पाण्याचा सोडायला तयार नव्हता. हे वाचून मला संताप आला, आणि साहेबाचाच राग आहे म्हटल्यावर बरेही वाटले. पण पुढचे पान उलटले आणि तिथे साहेब नव्हता. तिथे आपणच होतो.

ते पान महाडच्या चवदार तळ्याचे.

शाळेत हे सगळे एका ओळीत झाले होते: ‘1927 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला’, मार्क दोन. त्या एका ओळीच्या मागेपुढे केवढे कागद आहेत ते आता कळले, आणि कागद हा तर माझा प्रांत.

सुरुवात एका ठरावाने होते. 4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात पास झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकारी संस्थांच्या ताब्यातली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. (आमचा केदारखेडा तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबईचा ठराव आमच्या शिवेपर्यंत पोचायचाच नव्हता.) महाडच्या नगरपालिकेने त्याला धरून 1924 साली आपले चवदार तळे सर्वांना खुले केले. नगराध्यक्ष होते सुरेंद्रनाथ टिपणीस. म्हणजे कर्ज मंजूर झाले, साहेबाची सही झाली, शिक्का पडला. फक्त रक्कम मिळेना. तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या तळ्यातून ओंजळभर पाणी घेता आले नाही.

तळे म्हणजे काही लहानसहान डबके नव्हे. चार-पाच एकरांचा पसारा, चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यापलीकडे सवर्णांची घरे, थोडी मुसलमानांची, आणि पाण्यात उतरायला घाट. मुसलमान पाणी भरत. गुरेढोरे पीत. बंदी होती ती फक्त एका जातीच्या माणसाला, आणि तो माणूस महाडच्या बाजारात माल विकायला आणि घ्यायला चालत होता.

19 आणि 20 मार्च 1927 ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. हजारो माणसे आली. आता एवढ्या माणसांना प्यायला पाणी हवे. तळे समोर, ठराव दप्तरात, आणि परिषदेने पाणी आणले कुठून? सवर्णांकडून विकत. चाळीस रुपयांचे. ही रक्कम वाचून मी पुस्तक खाली ठेवले. 1927 चे चाळीस रुपये! ज्या पाण्यावर मालकी नगरपालिकेची आणि हक्क कायद्याने सर्वांचा, त्या पाण्याच्या शेजारी बसून दुसऱ्याला चाळीस रुपये मोजायचे. इतकी वर्षे मी जमा-खर्च लिहितो आहे, पण ही नोंद कुठल्या खात्यावर टाकावी ते मला अजून सुचलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे जण शांतपणे, रांगेने तळ्यावर गेले. बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळीने पाणी प्याले. मागोमाग बाकीचे प्याले. झाले. एवढाच तो गुन्हा. पाणी पिऊन माणसे परत मंडपाकडे वळली, आणि थोड्याच वेळात गावात आवई उठली, की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. देवळात शिरायचा कोणाचा विचार नव्हता. पण आवईला पुरावा लागत नाही. लाठ्या निघाल्या. मंडपात जेवत असलेल्या, गावाला परत निघालेल्या माणसांना गाठून झोडपले. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उगारू दिला नाही.

मग तळे बाटले म्हणून ते शुद्ध करायचे ठरले. पंचगव्याचे एकशे आठ घडे. शेण, गोमूत्र, दूध, दही असे मंत्रोच्चारांसह तळ्यात गेले, आणि त्यानंतर ते पाणी पिण्यालायक झाले, असे शुद्ध करणाऱ्यांचे मत पडले. यावर मी काही विनोद करणार होतो. पण त्यांनी माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलेले नाही.

पुढची गंमत तारखेची आहे. महाडच्या नगरपालिकेने तळे खुले करण्याचा आपला ठराव रद्द केला तो 4 ऑगस्ट 1927 रोजी. बोल्यांचा ठराव पास झाल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. आमच्या बँकेत मुदत संपल्यावर ठेव अशीच बिनबोभाट बंद होते. निदान व्याज तरी मिळते.

डिसेंबरात पुन्हा परिषद आणि पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा विरोधकांनी नवी युक्ती काढली. नऊ सवर्ण गृहस्थांनी 12 डिसेंबरला महाडच्या कोर्टात दावा लावला, की तळे सार्वजनिक नाहीच, ते आमचे खाजगी आहे! इतके दिवस धर्म होता, आता सातबारा आला. 14 डिसेंबरला तात्पुरती मनाई मिळाली. 25 तारखेला परिषद भरली. त्याच संध्याकाळी मनुस्मृती जाळली गेली, आणि तिच्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जातीने ब्राह्मण होते. तळ्यात उतरायचे की नाही यावर मात्र पुष्कळ खल झाला. शेवटी कोर्टाचा मान राखायचा ठरला आणि लोकांनी तळ्याभोवतून मिरवणूक काढली. पाणी तिथेच, हातभर अंतरावर. हजारो तहानलेली माणसे कागदाचा मान ठेवून त्याच्या काठाने चालत गेली. ज्यांना त्याच गावात नऊ महिन्यांपूर्वी कोणी कायद्याचे संरक्षण दिले नव्हते, ती माणसे.

खटला चालला. खालच्या कोर्टाने 8 जून 1931 ला दावा फेटाळला. वादी ठाण्याला अपिलात गेले. 1933 मध्ये तिथेही हरले. मग मुंबई हायकोर्ट. तिथे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी 17 मार्च 1937 ला निकाल दिला. (1922 साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली तेच हे ब्रूमफील्ड.) तळे नगरपालिकेचे, आणि अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची रूढी अनादिकालापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आलेले नाही, अपील नामंजूर. बाबासाहेबांनी पाणी प्यायल्याला त्या दिवशी दहा वर्षे व्हायला तीन दिवस कमी होते. एका ओंजळीचा निकाल लागायला दहा वर्षे! आणि आम्ही चेक वटायला तीन दिवस लावले तर लोक मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरतात.

हा आजार आपल्याकडचाच, असे वाटून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. तर पुस्तकांनी धीर दिला, की तो सगळीकडे आहे. (असा धीर देऊन पुस्तके काय साधतात कोण जाणे.) अमेरिकेत सेंट लुईस शहरी फेअरग्राउंड पार्क नावाची बाग आहे, आणि त्या बागेत 1913 पासून भला मोठा सार्वजनिक तलाव होता, अगदी आमच्या कॉलनीचेच प्रकरण, फक्त गाढव नाही. 21 जून 1949 ला तो काळ्या मुलांना प्रथमच खुला केला. मुले पोहली, बाहेर जमाव जमला, मारामाऱ्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी महापौरांनी बंदी परत आणली. पुढच्या वर्षी कोर्टाने तलाव उघडायला लावला, तर गोऱ्यांनी येणेच सोडले. 1956 साली तलाव बंद. जॅक्सन शहराने तर याहून सोपा मार्ग काढला. काळ्यांना येऊ द्या असे कोर्ट म्हणते ना? मग 1963 मध्ये सगळेच सार्वजनिक तलाव बंद! आम्हीही पोहणार नाही, तुम्हीही पोहू नका. हे प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, आणि 1971 साली पाच विरुद्ध चार मतांनी कोर्ट म्हणाले, की बंद सर्वांनाच केलेत, तेव्हा यात भेदभाव नाही. ऑस्ट्रेलियात मोरी नावाच्या गावी मूळ रहिवाशांना तलावात बंदीचा नगरपालिकेचा चक्क लेखी ठराव होता, 1955 चा. 1965 च्या फेब्रुवारीत चार्ल्स पर्किन्स नावाचा, स्वतः मूळ रहिवासी असलेला सिडनीचा विद्यार्थी बसभर सोबती घेऊन गेला आणि वस्तीतली पोरे घेऊन तलावाच्या फाटकावर उभा राहिला. अंडी आणि टोमॅटो खाल्ले, अंगावर. पण पोरे पाण्यात गेली.

या पोरांचे वाचताना मला विहिरीच्या काठावरचा तो आठवला.

त्याचे नाव इथे लिहीत नाही. आम्ही त्याला भित्रा म्हणायचो. “ये की रे, डबा बांधू तुला,” असे ओरडायचो, तो हसायचा आणि आमच्या चड्ड्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवायचा. तो विहिरीत उतरत नाही याचे कारण त्याला पाण्याची भीती वाटते, हे मी चाळीस वर्षांचा होईपर्यंत खरे धरून चाललो होतो. दोन वर्षांपूर्वी तो आमच्या शाखेत आला, मुलीच्या शिक्षणकर्जासाठी. अंगाने भरलेला, कानावर केस पांढरे. मीच ओळखले. चहा मागवला. फॉर्म भरता भरता मी गमतीने विचारले,

“काय रे, पाण्याची भीती गेली का नाही अजून?”

तो क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला.

“कुठली भीती? आरं, मी नदीच्या डोहात पोहायचो की. तुम्ही जेवायला गेल्यावर. तुमच्यातल्या एकालाही त्या डोहाचा तळ लागला नसता.”

“मग विहिरीत का नाही उतरलास कधी?”

“तुझ्या मामाला विचार,” तो म्हणाला, आणि हसला. अगदी तसाच, चड्डीवर दगड ठेवताना हसायचा तसा. मग म्हणाला, “सही कुठं करू?”

मी सहीची जागा दाखवली. मामाला मी विचारलेले नाही. मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत, कमी ऐकू येते, अशी कारणे माझ्याकडे आहेत. ज्या मामाने मला पाण्यात ढकलले त्याच्यावर माझा फार जीव आहे, हे खरे कारण.

तर आमच्या कॉलनीची दुसरी सभा. मागील इतिवृत्त वाचून कायम करणे, हा पहिला विषय. मी वाचू लागलो आणि ‘कोणीही येईल’ या वाक्याशी आलो तेव्हा काका खाकरले.

“ते वाक्य काढून टाका हो. तसा काही उद्देश नव्हता.”

“खरंच, कशाला ते कागदावर?” आणखी दोघे म्हणाले. विशेष म्हणजे त्यांतला एक तलावाच्या बाजूचा होता.

मी बँकेतला माणूस. वाद घालायचा माझा पिंड नाही. समोरचा चढ्या आवाजात बोलला की मी काउंटर बदलतो. पण त्या दिवशी कुठून कोण जाणे, तोंडातून रोजचेच वाक्य गेले. म्हणालो, “काढतो. पण खाडाखोड केली की शेजारी सही लागते. कोण करतो सही?”

वही टेबलावर उघडी ठेवली. पेनचे टोपणही काढून ठेवले. काकांनी चष्मा पुसला. कोणीतरी पंख्याच्या आवाजाबद्दल बोलले. एका वहिनींनी चहाची आठवण केली, आणि चहा आल्यावर विषय निघाला तो घसरगुंडीला रंग देण्याचा. तो मात्र एकमताने पास झाला.

तलावाचा बेत पुढे कुठे थांबला ते मला माहीत नाही. बागेत सध्या फरशीची एक गोल वाट झाली आहे आणि तिच्यावरून काका रोज सकाळी फेऱ्या मारतात. मला पाहिले की हात करतात. मीही करतो. वही माझ्याकडेच आहे. त्या वाक्यावर रेघ नाही, शेजारी सही नाही, आणि इतिवृत्त कायम करायचे राहिलेले आहे, कारण त्यानंतरच्या एकाही सभेला गणसंख्या पुरी झाली नाही.